उंदराच्या टोपीचा हक्क

उंदराच्या टोपीची गोष्ट आपण बालवाडीत सोडून येतो. मला ती पोशाखाच्या हक्काची कथा वाटते.

उंदराला चिंधी सापडते. परीट ती धुतो, शिंपी टोपी शिवतो, वर गोंडे लागतात. मेढ्याच्या आसपास मी ऐकलेल्या कथनांत कारागीर कमीजास्त होतात, एवढेच. मग उंदीर ढोलके बडवत मिरवतो आणि आपली टोपी राजाच्या टोपीहून चांगली म्हणतो. राजा ती काढून घेतो, तेव्हा राजा भिकारी ठरतो. परत देतो, तेव्हा भित्रा.

शार्ल पेरोच्या सिंड्रेलाला (१६९७) झगा परी देते, तो मध्यरात्री विरतो आणि तिचा स्वीकार राजपुत्राच्या हाती असतो. उंदराची टोपी मात्र गावातल्या कारागिरांच्या श्रमाची असल्याने ती विरत नाही.

ती राजाला खुपते, कारण पोशाखावरून पायरी ओळखण्याची आपली रीत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना जात ओळखू येणारी लुगड्याची नेसण आणि अंगावरचे जड दागिने सोडायला सांगितले, ते याच रीतीविरुद्ध. तिथे नवी नेसण वरच्या जातींच्या स्त्रियांसारखी घ्यावी लागली. इथे उंदरालाही तुलनेला राजाचीच टोपी लागते. माप वरच्यांचेच उरते, ही या कथेची मर्यादा.

शिवाय राजा टोपी परत करतो तो गलका थांबावा म्हणून. समीक्षकांनी त्याला स्वीकार म्हणू नये. उंदीरही म्हणत नाही.