नाममुद्रा आणि कीर्ति

मम्मटानें काव्यप्रकाशाच्या आरंभीं काव्याचीं जीं सहा प्रयोजनें सांगितलीं आहेत, त्यांत यशाचा क्रम पहिला व अर्थाचा दुसरा आहे. वृत्तींत उदाहरणें देतांना यशासाठीं त्यानें कालिदासाचें नांव घेतलें, आणि धनासाठीं श्रीहर्षाकडून द्रव्य मिळविणाऱ्या धावकाचें. टीकाकारांनीं त्यावर असें स्पष्टीकरण केलें कीं, रत्नावली नाटिका धावकानें रचिली व द्रव्य घेऊन हर्षाच्या नांवें करून दिली. कित्येक पोथ्यांत धावकाच्या जागीं बाण असा पाठ आहे, आणि रत्नावली हर्षाचीच होय असें मानणारे पंडितही थोडे नाहींत. तो वाद येथें करावयाचा नाहीं. लक्षांत घ्यावयाचें तें इतकेंच कीं, कृति एकाची व कीर्ति दुसऱ्याची असा सौदा लोकरंजनाच्या व्यवसायांत होऊं शकतो, हें जुन्या शास्त्रकारांस चांगलें ठाऊक होतें. असें असतां लावण्यांच्या व पदांच्या बाडांचा संग्रह करणारी मंडळी शेवटच्या कडव्यांतील नाममुद्रा पाहतांच कर्तृत्वाचा निकाल लागला असें समजतात, व मुद्रा प्रसिद्ध नसली म्हणजे बाड बाजूस सारितात. ही पद्धति सदोष आहे, आणि नांदेड-लातूरकडील सामग्रीस ती विशेष घातक आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

नाममुद्रा म्हणजे दस्तऐवजाखालील सही नव्हे. ती फडाच्या निशाणासारखी असते. 'होनाजी बाळा' ही मुद्रा पाहावी. होनाजी शिलारखाने हा पुण्याचा गवळी, रचना त्याची. बाळा कारंजकर हा त्याचा गाणारा. लावणींत दोघांचीं नांवें अशीं जोडलीं गेलीं कीं, पुढें ऐकणारांस तें एकाच मनुष्याचें नांव वाटूं लागलें. रचणाराच्या बरोबरीनें गाणाराचाही हक्क मान्य करणारी ही मुद्रा आम्हांस फार मोलाची वाटते. परंतु वाचकांनीं ती केवळ कवीचें नांव म्हणून घेतली आणि बाळा होनाजींत विरून गेला. सोलापूरच्या राम जोशाची मुद्रा 'कविराय' अशी आहे. हें नांव नव्हे, हा दावा आहे. डफ-तुणतुण्याच्या संगतींत उभा राहूनही आपण पंडितांच्या पंक्तीचे कवि आहों, असें तो लावणीच्या शेवटीं बजावून सांगतो. संतवाङ्मयांतही नामदेव व विष्णुदास नामा यांच्या रचना 'नामा' या एका मुद्रेमुळें एकमेकींत मिसळल्या व त्या वेगळ्या करतांना अभ्यासकांस पुष्कळ श्रम पडले. तात्पर्य, मुद्रेवरून कीर्तीचा धनी कळतो. कर्ता कळेलच असें नाहीं.

कीर्तीच्या मागोमाग प्रतिष्ठेचा प्रश्न येतो. संगमनेरच्या अनंत फंदीस अहिल्याबाई होळकरांनीं तमाशा सोडून कीर्तनाकडे वळण्याचा उपदेश केला, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. राम जोशीही उत्तरवयांत कीर्तनाकडे वळला, आणि मोरोपंतांच्या आर्या लोकांच्या कानीं घालण्याचें मोठें कार्य त्याच्या कीर्तनांनीं केलें. या मालिकेंतील तिसरें व आमच्या प्रांतास अगदीं जवळचें उदाहरण दासगणु महाराजांचें होय.

गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे (१८६८–१९६२) हे मूळचे नगर जिल्ह्याचे व नोकरीनें पोलीस शिपाई. तमाशाचा त्यांस मोठा नाद होता व आयत्या वेळीं लावणी रचण्यांत त्यांचा हातखंडा होता. शिर्डीच्या साईबाबांच्या सहवासांत त्यांचें मन पालटलें; नोकरी सुटली, आणि तेव्हां निजामाच्या राज्यांत असलेलें नांदेड हें त्यांचें राहण्याचें ठिकाण झालें. भक्तलीलामृत, संतकथामृत व १९३९ सालचा एकवीस अध्यायांचा श्रीगजाननविजय हे त्यांचे ग्रंथ ओवीबद्ध आहेत. शेवटच्याचें पारायण तर आज घरोघर चालतें. उमरी तालुक्यांतील गोरटें येथें त्यांच्या नांवाची संस्था आहे. दाभोळकरकृत श्रीसाईसच्चरितांत एक प्रसंग आहे. दासगणु अंगरखा, उपरणें व फेटा असा पोषाख करून कीर्तनास निघाले असतां बाबांनीं हा नवरदेवाचा थाट कशाला म्हणून विचारलें; तेव्हांपासून उघड्या अंगानें, गळ्यांत माळ व हातांत चिपळ्या घेऊन उभे राहण्याचा त्यांचा परिपाठ पडला. रंगभूमीवरील वेष उतरला व नारदीय वेष चढला. परंतु वेषाबरोबर कसबही बदललें काय?

आमच्या मतें तें बदललें नाहीं. श्रीगजाननविजय लक्षपूर्वक वाचणारास असें दिसेल कीं, अध्यायारंभींची स्तुति पोथीच्या रिवाजाची आहे. पण प्रसंग सुरू होतांच पात्रें एकमेकांशीं रोखठोक बोलूं लागतात, उत्तरास प्रत्युत्तर लागलीच येतें, आणि श्रोत्याचें लक्ष ढळण्यापूर्वीं कथा वळण घेते. ही शक्ति व्याकरणाच्या पाठशाळेंत मिळत नाहीं. ती समोर बसलेल्या जमावाकडून शिकावी लागते, आणि तसा जमाव या कवीस प्रथम तमाशांत भेटला. असें असून त्यांच्या चरित्रांत लावण्यांचा काळ मागें टाकलेल्या दोषाप्रमाणें दोन ओळींत उरकला जातो. भक्तांच्या दृष्टीनें तें योग्यही असेल; संशोधकानें मात्र तीच दृष्टि पत्करण्याचें कारण नाहीं. प्रतिष्ठित कीर्तीनें अप्रतिष्ठित कीर्तीचे कागद झांकावे आणि आपण त्यावर शिक्का मारावा, हें इतिहासाचें काम नव्हे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणें अवश्य आहे. फंदी, राम जोशी व दासगणु हे तिघेही ब्राह्मण. नारदीय कीर्तनाचें दार त्यांस उघडें होतें, म्हणून फडांतून उठून ते व्यासपीठावर जाऊं शकले. परशराम शिंप्यानें वेदान्तपर लावण्या रचिल्या, तरी तो शाहीरच राहिला. सगनभाऊ शिकलगारास तर तें दार नव्हतेंच. श्रीधर कृष्ण कुळकर्णी ऊर्फ पठ्ठे बापूराव उलट दिशेनें गेले: कुळकर्णीपण सोडून ते फडांत उतरले, जातीचा रोष पत्करिला आणि १९४५ सालीं हलाखींत वारले. त्यांच्या रचना त्यांच्या मुद्रेनें टिकल्या. ज्या पवळेच्या गळ्यानें त्या गाजल्या, ती महार समाजांतील कलावतीण होती. तिचा गळा कोणत्याही वहींत उतरणें शक्य नव्हतें. कागदावर राहते ती लिहिणाराची कीर्ति.

रंगमंचावर नेमका याच्या उलट अन्याय होतो. नांदेडहून लातूरकडे जातांना लोहा तालुक्यांत माळेगांव लागतें. मार्गशीर्षाच्या अखेरीस भरणाऱ्या तेथील खंडोबाच्या यात्रेंत घोड्यांचा व गाढवांचा बाजार भरतो, वाघ्या-मुरळी येतात आणि लावणीचे कार्यक्रम होतात. तेथें फड ओळखला जातो तो नायिकेच्या किंवा मालकाच्या नांवानें. विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर (मृत्यु २००२) यांस राष्ट्रपतींकडून गौरव मिळाला व त्यांच्या नांवें राज्यशासनाचा पुरस्कार चालू आहे, हें सर्वथा उचित झालें; पण फडोफडीं जे वग चालतात ते लिहिले कोणी, हें प्रेक्षकांपैकीं किती जणांस सांगतां येईल? बाडांत गाणारा हरवतो, फडांत लिहिणारा हरवतो. चित्रपटांत आणखी एक फरक पडला: सिनेमाच्या लावणीनें बहुधा शेवटची नाममुद्राच टाकून दिली. श्रेयनामावलि पडद्यावर सरकून जाते आणि गाणें तिच्यावांचून गांवोगांव फिरतें. सुलोचना चव्हाण यांच्या आवाजांतील लावण्या सर्वांस परिचित आहेत. त्यांपैकीं कोणती जगदीश खेबुडकरांची, हें थोडेच सांगतील. लेखनाधिकाराच्या १९५७ सालच्या कायद्यांत २०१२ सालीं दुरुस्ती होऊन, चित्रपटगृहाबाहेरील उपयोगाच्या उत्पन्नांतील आपला वांटा गीतकारास व संगीतकारास सोडून देतां येणार नाहीं असें ठरलें. म्हणजे धावकाचा सौदा धनापुरता तरी आतां पूर्ववत् होऊं शकत नाहीं. नांवाचें रक्षण मात्र कायद्यापेक्षां लोकांच्या स्मरणावर व आपल्या नोंदींवर अवलंबून आहे.

हें सर्व बाडांच्या संग्राहकांस सांगण्याचें कारण असें कीं, कीर्तीच्या या व्यवहारांत ते तटस्थ साक्षी नाहींत. लोकशाहीर रामजोशी हा चित्रपट १९४७ सालीं व अमर भूपाळी १९५१ सालीं निघाला, तो राम जोशी व होनाजी यांवर. कारण त्यांच्या लावण्या तत्पूर्वींच संग्रहांतून छापल्या गेल्या होत्या. जें आपण उचलतों तें छापलें जातें, छापलें जातें तें पुढें गायिलें जातें, आणि टाकून दिलेलें जणूं कधीं रचलेंच गेलें नव्हतें असें होतें. पुणें-साताऱ्याकडील शाहिरांस छापखाना जवळ होता. कंधार, उदगीर, औसा, निलंगा या बाजूच्या घरांतील वह्यांस तें भाग्य क्वचितच लाभलें.

यास्तव आमची सूचना अशी आहे. लावणी किंवा पद यांची नोंद करतांना मुद्रेबरोबर मथळ्यावरील 'चाल' अवश्य उतरावी. गाणाऱ्या परंपरेचा माग बहुधा तेथूनच लागतो. बाड कोणाच्या घरचें, लिहिणारा कोण, त्या घरीं गाणें कोणाकडून आलें, हें घरच्या वृद्धांस विचारून त्याच दिवशीं लिहून ठेवावें. गाणारी स्त्री असेल तर तिचें नांव संकोचानें गाळूं नये. अभंग ठेवून मागची लावणी फाडून टाकण्याचा प्रकार कोठें दिसल्यास तो थांबवावा, कारण एकाच बाडांत शेजारीं शेजारीं बसलेलीं हीं दोन्ही रूपें दासगणूंसारख्यांच्या घडणीचा प्रत्यक्ष पुरावा होत. औशाच्या नाथसंस्थानचें चक्रीभजन व माळेगांवच्या वाघ्यांचीं पदें यांसही हाच नियम लावावा. आणि ज्या रचनेस मुद्रा नाहीं, किंवा जिची मुद्रा कोणासही ओळखतां येत नाहीं, ती आधीं उतरून घ्यावी. प्रसिद्ध मुद्रेचें रक्षण करणारे पुष्कळ आहेत. अनामिकास मात्र आपल्यावांचून दुसरा वाली नाहीं.