दिग्गजांनंतरचा संघ : ऑस्ट्रेलियाचा दाखला

जानेवारी २००७ मध्ये सिडनी कसोटी जिंकून ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला ५-० अशी धूळ चारली आणि त्याच सामन्यात शेन वॉर्न, ग्लेन मॅग्रा व जस्टिन लँगर यांनी कसोटी क्रिकेटचा निरोप घेतला. डेमियन मार्टिन त्या मालिकेच्या मध्यावरच निवृत्त झाला होता. जानेवारी २००८ मध्ये अ‍ॅडम गिलख्रिस्ट, त्याच वर्षी स्टुअर्ट मॅकगिल आणि जानेवारी २००९ मध्ये मॅथ्यू हेडन थांबला. ब्रेट लीची शेवटची कसोटीही डिसेंबर २००८ चीच. दोन वर्षांत एक अख्खी पिढी गेली. बलाढ्य संघाची सत्ता खेळाडूंबरोबर जाते की त्यांच्यामागे टिकते, हे तपासायला याहून चांगले उदाहरण क्रिकेटच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

ऑस्ट्रेलियाला असा धक्का नवा नव्हता. जानेवारी १९८४ मध्ये सिडनीलाच ग्रेग चॅपल, डेनिस लिली आणि रॉडनी मार्श एकाच सामन्यानंतर निवृत्त झाले होते. त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच कर्णधार किम ह्यूजने डोळ्यांत पाणी आणून पद सोडले, काही खेळाडू बंदी पत्करून दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यांवर गेले आणि १९८५-८६ मध्ये न्यूझीलंडनेही ऑस्ट्रेलियाला मायदेशात हरवले. अ‍ॅलन बॉर्डर आणि प्रशिक्षक बॉब सिम्पसन यांनी हा संघ नव्याने बांधला. १९८७ चा विश्वचषक आणि १९८९ मधील ४-० अशी अ‍ॅशेस ही त्या बांधणीची पहिली फळे. अ‍ॅडलेडची क्रिकेट अकादमी याच काळात सुरू झाली. २००७ मध्ये निरोप घेणारी पिढी या पायावर उभी राहिली होती.

२००७ नंतर घसरण लगेच दिसली नाही, उलट विजय चालूच राहिले. डिसेंबर २००५ पासून ऑस्ट्रेलियाने ओळीने १६ कसोटी जिंकल्या. त्यांतल्या शेवटच्या चार वॉर्न-मॅग्रा गेल्यानंतरच्या, श्रीलंका आणि भारत यांच्याविरुद्धच्या होत्या. पर्थला जानेवारी २००८ मध्ये भारताने ही विजयमालिका खंडित केली. दरम्यान २००७ चा विश्वचषकही ऑस्ट्रेलियाने एकही सामना न गमावता जिंकला होता. रिकी पाँटिंग, हेडन, गिलख्रिस्ट आणि ली संघात होते तोवर जुन्या पुण्याईवर गाडा चालत राहिला. म्हणूनच मोठ्या निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षाच्या निकालांवरून संघाचे भवितव्य ठरवणे फसवे असते.

नेमके काय गेले, हे पाहताना फलंदाजी आणि गोलंदाजी वेगळी मोजावी लागते. फलंदाजांच्या जागा बऱ्यापैकी भरल्या गेल्या. माइक हसी वयाच्या तिशीत, देशांतर्गत आणि काउंटी क्रिकेटमध्ये धावांच्या राशी रचून २००५ मध्ये कसोटी संघात आला होता. मायकेल क्लार्क स्थिरावला, सायमन कॅटिच सलामीवीर म्हणून परतला आणि यष्टींमागे ब्रॅड हॅडिन आला. गिलख्रिस्टसारखा सातव्या क्रमांकावर येऊन सामना फिरवणारा दुसरा मिळाला नाही, पण धावांचा दुष्काळही लगेच पडला नाही.

गोलंदाजीचे तसे झाले नाही. वॉर्नचे ७०८ आणि मॅग्राचे ५६३ बळी. दोघे १०४ कसोटींत एकत्र खेळले आणि त्यांत त्यांनी मिळून १००१ बळी घेतले. या जोडीचे मोल आकड्यांपेक्षा सामन्याच्या शेवटच्या दिवशी कळते. डिसेंबर २००६ मध्ये अ‍ॅडलेडला इंग्लंडने पहिला डाव ६ बाद ५५१ वर घोषित केला होता. पाचव्या सकाळी १ बाद ५९ वरून खेळ सुरू झाला तेव्हा सामना अनिर्णित राहणार असेच चित्र होते. वॉर्नने एका टोकाने चेंडू वळवत फलंदाजांना जखडून ठेवले, धावा आटल्या आणि इंग्लंडचा डाव १२९ वर आटोपला. ऑस्ट्रेलियाने १६८ धावांचे लक्ष्य गाठून सामना जिंकला. बरोबर दोन वर्षांनी पर्थला दक्षिण आफ्रिकेपुढे ४१४ धावांचे लक्ष्य होते. ते आफ्रिकेने फक्त चार गडी गमावून पार केले. ऑफस्पिनर जेसन क्रेझाने शंभरावर धावा दिल्या, बळी मिळाला एकच. त्या संघाला धावा करता येत होत्या. वीस बळी घेण्याची हमी मात्र हरवली होती.

क्रेझाची कहाणी या पोकळीचे मोजमापच आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये नागपूरजवळच्या जामठा मैदानावर त्याने पदार्पणातच १२ बळी घेतले, पण त्यासाठी ३५८ धावा मोजल्या. त्याच कसोटीच्या चौथ्या दिवशी चहापानाला भारताचे सहा गडी बाद झाले होते. तेव्हा षटकांची गती सुधारण्यासाठी पाँटिंगने कामचलाऊ गोलंदाजांना चेंडू दिला. महेंद्रसिंह धोनी आणि हरभजन सिंग यांनी शतकी भागीदारी केली आणि सामना, त्याबरोबर मालिकाही निसटली. क्रेझा पुढे आणखी एकच कसोटी खेळला. मॅकगिल, ब्रॅड हॉग, बो कॅसन, कॅमेरॉन व्हाइट, ब्राइस मॅकगेन, नेथन हॉरिट्झ, झेवियर डोहर्टी, मायकेल बिअर असे एकामागून एक फिरकीपटू आजमावले गेले. स्टीव्ह स्मिथही २०१० मध्ये लेगस्पिनर म्हणूनच संघात आला आणि नावारूपाला आला तो फलंदाज म्हणून. अखेर २०११ मध्ये गॉलला नेथन लायनने पहिल्याच चेंडूवर कुमार संगकाराला बाद केले. थोड्याच काळापूर्वी तो अ‍ॅडलेडच्या मैदानावर खेळपट्टी राखणाऱ्यांमध्ये काम करत होता. ५०० बळींचा टप्पा ओलांडणारा हा गोलंदाज हाती लागेपर्यंत चार वर्षांहून अधिक काळ गेला.

त्या काळाचे निकाल बोलके आहेत. २००८ मध्ये भारतात ०-२, त्यानंतर मायदेशात दक्षिण आफ्रिकेकडून १-२, २००९ मध्ये इंग्लंडमध्ये १-२ आणि २०१०-११ मध्ये मायदेशात इंग्लंडकडून १-३. या शेवटच्या मालिकेतले तिन्ही पराभव डावाने झाले. तरीही हा संघ पार कोसळला नाही. २००९ च्या सुरुवातीला त्याने दक्षिण आफ्रिकेत मालिका जिंकली, त्याच वर्षी चॅम्पियन्स करंडकही मिळवला. अव्वल स्थान गेले, पण संघ दुबळ्यांच्या रांगेत बसला नाही.

वेस्ट इंडीजची गोष्ट याहून वेगळी आहे. १९८० ते १९९५ या काळात हा संघ एकही कसोटी मालिका हरला नाही. १९९१ मध्ये ओव्हल कसोटीनंतर व्हिव्ह रिचर्ड्स, माल्कम मार्शल आणि जेफ डुजाँ गेले. गॉर्डन ग्रीनिजही त्याच वर्षी थांबला. तरी पुढची चार वर्षे सत्ता टिकली, कारण कर्टली अ‍ॅम्ब्रोज आणि कोर्टनी वॉल्श होते. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियाने त्यांना त्यांच्याच घरी हरवले. अ‍ॅम्ब्रोज २००० मध्ये आणि वॉल्श २००१ मध्ये गेल्यावर ब्रायन लाराच्या धावाही संघाला तारू शकल्या नाहीत. वेस्ट इंडीजच्या मोठ्या खेळाडूंपैकी अनेकांची पक्की घडण इंग्लिश काउंटीत झाली होती. घरच्या स्पर्धा तोकड्या, मंडळ पैशाने अशक्त आणि बेटाबेटांतले हेवेदावे जुने. त्यामुळे एक पिढी गेली की तिच्यामागे दुसरी तयार नसे.

ऑस्ट्रेलियाकडे शेफील्ड शील्ड होती. सहाच राज्यसंघ असल्याने तिथली प्रत्येक जागा झगडून मिळवावी लागे. या साखळीतही गंज चढला होता, हे २०११ च्या डॉन आर्गस समितीने दाखवून दिले. निवड, प्रशिक्षण आणि देशांतर्गत स्पर्धा या सगळ्यांची फेररचना तिने सुचवली. २०१३ मध्ये भारतात ०-४ असा मार खाल्लेल्या संघाने त्याच वर्षाअखेर मिचेल जॉन्सनच्या ३७ बळींच्या जोरावर इंग्लंडला ५-० ने हरवले. पुढे २०१५ आणि २०२३ चे विश्वचषक आणि २०२३ चे कसोटी अजिंक्यपदही आले. मात्र तीन विश्वचषक लागोपाठ जिंकणारी आणि दोनदा १६-१६ कसोटी ओळीने जिंकणारी सत्ता परतली नाही.

भारताचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. २०१२ आणि २०१३ मध्ये राहुल द्रविड, व्ही. व्ही. एस. लक्ष्मण आणि सचिन तेंडुलकर निवृत्त झाले, तेव्हा फलंदाजीचा कणाच गेल्याची हाकाटी झाली. प्रत्यक्षात मायदेशातल्या १८ मालिकाविजयांची रांग २०१३ च्या प्रारंभी सुरू झाली, कारण रविचंद्रन अश्विन आणि रवींद्र जडेजा तयार होते. ही रांग २०२४ मध्ये न्यूझीलंडने पुणे कसोटीत तोडली आणि मुंबईत ३-० वर शिक्कामोर्तब केले, तेव्हा अश्विन, जडेजा, रोहित शर्मा आणि विराट कोहली हे चौघेही संघात होते. म्हणजे उतरण निवृत्तीआधीही सुरू होते. निवृत्ती कधीकधी तिची फक्त नोंद करते.

एवढ्यावरून तीन कसोट्या निघतात. जाणारे एकदम जातात की टप्प्याटप्प्याने. त्यांत सामना जिंकून देणारे गोलंदाज किती आहेत. आणि खालची स्पर्धा त्यांच्या जागी माणूस उभा करू शकते का. पहिल्या दोहोंवरून संघ कधी आणि किती झपाट्याने उतरेल याचा अंदाज बांधता येतो. उतरलेला संघ पुन्हा उठेल की नाही, ते मात्र तिसरीच ठरवते.