गुराखी कुठाय?

चित्रकलेतलं मला काही कळत नाही. पण सोफ्यासमोर जे टांगलेलं असतं त्यावर, सोफ्याचे हप्ते भरणाऱ्याला बोलण्याचा थोडा तरी हक्क असावा!

आमच्या वसईच्या घरात सध्या स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातली गुरं मुक्कामाला आहेत. मूळ तैलचित्र लुई बॉसवर्थ हर्ट (१८५६–१९२९) या इंग्रज चित्रकाराचं. आमची आपली चोर बाजारातली छापील नक्कल. "सोफ्याच्या रंगाला जातं," हा सौभाग्यवतींचा निकष. कलासमीक्षेत याहून वाईट निकष मी वाचले आहेत.

चित्र मात्र चांगलं आहे. मागे डोंगर, पुढे पाणी, मध्ये तांबूस, केसाळ गुरं. कपाळावरची झिपरी डोळ्यांवर अशी आलेली, की आमच्या चिरंजीवांची आठवण व्हावी. हर्टने स्वतः अशी गुरं पाळली होती म्हणतात. ते पटतं. भिजलेल्या केसांचं वजन त्याला ठाऊक आहे. पाण्यात उतरावं की नाही, या विचारात पडलेली पुढची गाय तर अगदी खरी. लबाडी आहे ती धुक्यात. पावसाळ्यात तुंगारेश्वरावर आम्ही धुकं बघतो, ते सारखं हलत असतं. हर्टचं धुकं पावडर थापल्यासारखं बसून राहतं.

परवा शेजारचे काका आले. आमची इमारत आहे तिथे पूर्वी त्यांची केळीची वाडी होती. चष्मा सावरून त्यांनी बराच वेळ चित्र पाहिलं.

"गुराखी कुठाय?"

"चित्रात नाही, काका."

"एवढी गुरं आणि माणूस नाही? एक झोपडं नाही?"

इतके महिने मी धुक्यातल्या चुका काढत बसलो होतो, आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! मग पुस्तक काढून मी त्यांना सांगितलं, की साधारण १७५० ते १८६० या काळात तिथल्या जमीनदारांनी, मुख्यतः मेंढ्यांसाठी, हजारो कुटुंबं जमिनीवरून उठवली. कुणी समुद्रकाठी गेलं, कुणी कॅनडाला. हर्ट ब्रश घेऊन पोचला तेव्हा कित्येक दऱ्या ओसाडच होत्या. तो ओसाडपणा त्याने सुंदर रंगवला. तो आला कुठून, ते मात्र धुक्यात राहिलं.

"मोबदला?" काकांनी विचारलं.

मी पुस्तक चाळू लागलो. काका उठले, आणि चित्राखालच्या फरशीवर चपलेने एक वर्तुळ काढल्यासारखं केलं.

"रहाट इथं होता. रेडा असाच उभा राहायचा, पाण्याकडे तोंड करून."

आतून सौ.नी विचारलं, "काका, चहात साखर किती?"