कानापलीकडचे ध्वनी आणि सुपर ट्वीटर

घरच्या स्पीकरला जोडायचा सुपर ट्वीटर २० किलोहर्ट्‌झच्या वरचे, म्हणजे आपण वर्गात ज्यांना श्राव्यातीत म्हणतो ते ध्वनीही देतो. ते माणसाला ऐकू येत नाहीत. चाळिशीनंतर तर १५ च्या वरचेही कठीण. तरी त्याने संगीत खुलते असे म्हणतात, आणि आधार म्हणून जपानच्या त्सुतोमु ओहाशी यांचा २००० सालचा शोधनिबंध दाखवतात. बालीच्या गामेलान संगीतात श्राव्यातीत ध्वनी असले की श्रोत्यांच्या मेंदूतील अल्फा लहरी वाढतात, असे त्यात म्हटले आहे.

हा पुरावा आम्हाला अपुरा वाटतो. कोणताही स्पीकर थोडी भेसळ करतोच. त्यात २४ आणि २६ किलोहर्ट्‌झचे ध्वनी एकदम सोडले, तर २ किलोहर्ट्‌झचा तिसराच ध्वनी तयार होतो, आणि हा मात्र ऐकू येण्याजोगा असतो! ओहाशींनी श्राव्यातीत ध्वनींना वेगळा स्पीकर दिला होता, हे मान्य. पण त्यांची आपापसात भेसळ होऊ शकतेच. त्याच वर्षी अशिहारा आणि किर्यू यांनी ध्वनी सहा स्पीकरांत वाटून दिले, तेव्हा एकाही श्रोत्याला श्राव्यातीत ध्वनी ओळखता आले नाहीत.

सीडीचे तर विचारायलाच नको. तिच्यावर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, त्यामुळे २२.०५ किलोहर्ट्‌झच्या वरचे काही नोंदलेच जात नाही. तिथे सुपर ट्वीटरला वाजवायला जवळजवळ काही उरत नाही.