चान्यांची चव आणि समीक्षेची अभिरुची

दलित आत्मकथनांतील अन्नाचे उल्लेख मराठी समीक्षेने प्रामुख्याने भुकेचा पुरावा म्हणून वाचले. मेलेल्या जनावराच्या मांसाची वाटणी, दारोदार मागितलेले शिळे तुकडे हे प्रसंग 'दाहक वास्तव' या सदराखाली जमा झाले. हे वाचन चुकीचे नव्हते, अपुरे होते. उपाशी माणसालाही जीभ असते, तोही एक घास दुसऱ्यापेक्षा अधिक आवडीने खातो, ही साधी बाब त्यातून निसटली. या अपुरेपणाचा कस पाहणारा पदार्थ म्हणजे चान्या.

मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापून, दोरीवर टांगून, उन्हात खडखडीत वाळवल्या की चान्या तयार होतात. मोठ्या जनावराचे मांस एका दिवसात संपत नाही आणि ते टिकवण्याचे दुसरे साधन घरात नसते. पट्टी पातळ असेल तरच सडण्याची क्रिया सुरू होण्याआधी तिच्यातले पाणी निघून जाते. म्हणून कापणाऱ्या हाताला अंदाज लागतो आणि हवा कोरडी लागते. मराठवाड्याचे ऊन हे काम करते. पावसाळ्यात हाताला काम नसताना त्याच चान्या निखाऱ्यावर भाजल्या जातात किंवा शिजवून त्यांचे कालवण होते. गोव्याच्या दमट हवेत हाच प्रश्न मीठ, मिरची, व्हिनेगर आणि धूर यांनी सोडवला. त्यातून तिथला 'चोरिस' आला. फ्रान्समध्ये मांस मुरवणे-टिकवणे हा मध्ययुगातच संघटित व्यवसाय झाला होता, आणि त्या परंपरेतील जिन्नस आज जगभर कारागिरीचे नमुने म्हणून चढ्या भावाने विकले जातात. मांसातले पाणी कमी करून ते टिकवणे हे तत्त्व तिन्ही ठिकाणी आहे. प्रतिष्ठेतला फरक केवळ तंत्रातून येत नाही; हात कोणाचा, यावर तो ठरतो.

हा फरक मराठीत ठळकपणे नोंदवण्याचे श्रेय शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (2015) या पुस्तकाला द्यावे लागते. मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची ही मांडणी रूढ अर्थाने ना पाकपुस्तक आहे, ना आत्मकथन. पूर्णब्रह्माच्या सर्वपरिचित कल्पनेला 'अ' जोडून शीर्षक एक प्रश्न विचारते: ज्या ताटाला ब्रह्म म्हटले गेले, त्यात कोणाचे ताट धरलेच नव्हते? त्याआधी पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने 2009 मध्ये 'इझन्ट धिस प्लेट इंडियन?' ही पुस्तिका सिद्ध केली होती. शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीत दलितांच्या अन्नस्मृती हा अभ्यासविषय केला. हे काम पुण्यात व्हावे यालाही अर्थ आहे, कारण मराठी म्हणून मान्य झालेल्या खाद्याभिरुचीचे प्रमाणरूप घडवण्यात या शहराचा वाटा मोठा आहे.

या प्रमाणरूपाची भाषा पाहण्यासारखी आहे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' (1970) घरोघरी पोहोचले, त्यात वाटी-चमच्याच्या सोप्या मापांचा हातभार होता. वाटीचे माप घरात जिन्नस आहे असे गृहीत धरते. प्रश्न फक्त प्रमाणाचा उरतो. चान्यांच्या स्मृतीत मूळ एकक 'वाटी' नसून 'वाटा' आहे. कोणत्या घराला किती हिस्सा मिळाला यापासून तिथे पाककृती सुरू होते. पाककृती या लेखनप्रकारात वाट्याला जागा नाही, आणि आत्मकथनात वाट्याची गोष्ट आली तरी कृती गळते. पाटोळ्यांचे पुस्तक या दोन प्रकारांच्या सांध्यावर उभे आहे. त्याची रचना विस्कळीत वाटते त्याचे एक कारण हेच असावे.

मात्र या स्मृतीला 'आवडत्या पदार्थाची आठवण' म्हणताना एक गंभीर अडचण येते. 1927 च्या महाड परिषदेत मृत जनावरांचे मांस सोडण्याचा निर्धार झाला, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो आत्मसन्मानाच्या लढ्याचा भाग मानला. 'द अनटचेबल्स' (1948) मध्ये त्यांनी अस्पृश्यतेच्या उगमाचा संबंध गोमांसभक्षणाशी जोडला. जे सोडणे ही मुक्तीची पायरी होती, त्याची चव आठवणे ही प्रतारणा ठरते काय? प्रूस्तच्या कादंबरीत चहात बुडवलेला केक बालपण अवचित परत आणतो. तिथे स्मृती विसरलेली असते. इथे ती निर्धाराने दूर ठेवलेली असते. म्हणूनच या लेखनात आवडीचा उच्चार होतो तेव्हा त्याच्या पाठीमागे संकोच उभा असतो, आणि संहितेचा खरा ताण त्या संकोचात असतो. 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्याने या ताणात भर घातली: स्वेच्छेने सोडणे आणि राज्यसंस्थेने मना करणे या भिन्न गोष्टी आहेत.

पिएर बोर्द्यू याने गरजेतून येणारी आणि चैनीतून येणारी अशा दोन अभिरुची वेगळ्या केल्या. चान्या या विभागणीत बसत नाहीत. त्या गरजेतून आल्या हे खरे. पण कोणता भाग वाळवावा, किती भाजावा, कशाबरोबर खावा याचा विवेक गरजेने आपोआप शिकवलेला नाही. तो पिढ्यांनी, आणि मोठ्या प्रमाणात स्त्रियांनी, कमावला.

इथे ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान' (2003) ची तुलना उपयुक्त ठरते. आईच्या बांबूच्या विणीशी लेखिका आपल्या लेखनाची वीण जोडते, आणि समीक्षेनेही ते रूपक सहज स्वीकारले. विणकामाचे रूपक होऊ शकते, मांस वाळवण्याचे होऊ शकत नाही, याचा अर्थ श्रमांतही सोवळ्या-ओवळ्याची उतरंड शिल्लक आहे आणि समीक्षा तिच्यापासून मुक्त नाही.

चान्यांचा गौरव हा यावरचा उपाय नव्हे. त्यांना 'विस्मृतीत गेलेला अस्सल पदार्थ' म्हणून ताटात मांडले, की वाट्याचा इतिहास पुसला जातो. केवळ दारिद्र्याची खूण म्हणून वाचले, की कौशल्य पुसले जाते. दोन्ही वाचनांत खाणारा माणूस हरवतो. अपमान आणि आवड एकाच घासात असू शकतात, हे मान्य करणारी परिभाषा मराठी समीक्षेला अजून घडवायची आहे. ती घडेपर्यंत दलित आत्मकथनांचे वाचन, त्यातील भूक कितीही गांभीर्याने घेतली तरी, बेचवच राहील.