कोलटकरांची नामावळी : प्रभाव, शोध आणि आप्तसंबंध

वाङ्मयीन प्रभावाची चर्चा मराठी समीक्षेत बहुधा कर्जाच्या हिशेबासारखी होत आली आहे. कोणी कोणाकडून काय घेतले, केव्हा घेतले आणि घेतलेले कबूल केले की लपवले, एवढ्या प्रश्नांत ती आटोपते. केशवसुतांच्या संदर्भात पालग्रेव्हच्या ‘गोल्डन ट्रेझरी’चा आणि मर्ढेकरांच्या संदर्भात एलियटचा उल्लेख वर्षानुवर्षे याच रीतीने होत राहिला. या हिशेबात कवी नेहमीच ऋणको असतो आणि ऋणको असल्यामुळे थोडासा ओशाळलेलाही असतो. अरुण कोलटकर (१९३२–२००४) यांनी मात्र आवडत्या कवी-लेखकांविषयीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून एका मुलाखतीत जी लांबलचक नामावळी सांगितली, तिच्यात ओशाळेपणाचा मागमूसही नाही. प्रभाव या संकल्पनेचाच पुन्हा विचार करावयास ती नामावळी भाग पाडते.

या नामावळीत व्हिटमनच्या शेजारी मर्ढेकर आहेत. ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, एकनाथ आणि तुकाराम यांच्या पाठोपाठ वांग वेई, तू फू आणि हान शान हे चीनमधील थांग काळाचे कवी येतात. त्यांच्यामागून रामजोशी आणि होनाजी. पुढे मांडेलश्टाम, बाबेल, ब्रेख्त आणि नेरूदा यांच्या पंक्तीला महानुभावांचे चक्रधर, ‘माझा प्रवास’ लिहिणारे गोडसे भटजी, बहिणाबाई चौधरी आणि पठ्ठे बापूराव बसलेले दिसतात. रहस्यकथा लिहिणारी अ‍ॅगाथा ख्रिस्ती आहे. रॉबर्ट जॉन्सन आणि मडी वॉटर्स हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय ब्लूज गायक आहेत. आयझेन्स्टाइन, कुरोसावा, वायदा आणि त्रुफो हे चित्रपटकार आहेत, आणि लॉरेल-हार्डीही आहेत. कालक्रम नाही, भाषावार विभागणी नाही, श्रेष्ठ-कनिष्ठ अशी उतरंडही नाही. प्रथमदर्शनी हा केवळ खोडकरपणा वाटतो, आणि तो त्यात थोडाफार आहेही. परंतु बारकाईने पाहता ही नावे एकमेकांशी आतून बांधलेली आहेत, हे ध्यानात येते.

एक उदाहरण पुरेसे होईल. एझरा पाउंड या नामावळीत आहेत आणि आयझेन्स्टाइनही. पाउंडने १९१५ मध्ये ‘कॅथे’ या संग्रहात चिनी कवितांची इंग्रजी रूपे दिली आणि १९१९ मध्ये अर्नेस्ट फेनोलोसाचा चिनी लिपीवरील निबंध प्रसिद्ध केला. दोन चित्रचिन्हे शेजारी ठेवली की तिसराच अर्थ उपजतो, ही त्यातली कल्पना पाउंडच्या काव्यविचाराचा आधार ठरली. आयझेन्स्टाइनने १९२९ मध्ये जपानी लिपी आणि हायकू यांच्याकडे बोट दाखवून चित्रपटातील संकलनाचे आपले तत्त्व जवळजवळ याच शब्दांत मांडले. वास्तविक बहुसंख्य चिनी अक्षरांत उच्चार सुचवणारा घटक असतो. ती सारी चित्रे नव्हेत. म्हणजे फेनोलोसाचे आकलन अपुरे होते. तरीही त्या अपुऱ्या आकलनातून इंग्रजी कवितेला एक नवी वाट मिळाली. याच नामावळीत वांग वेई आहे, जो कवी होता आणि चित्रकारही होता. आणि ही नावे सांगणारे कोलटकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, जाहिरातक्षेत्रात चित्रसंकल्पनांचे काम करणारे. दोन प्रतिमा शेजारी ठेवून मधली जागा वाचकावर सोपवण्याची ‘जेजुरी’तील रीत पाहिली, म्हणजे या नावांतले नाते उलगडू लागते.

कुरोसावाचे नावही याच अर्थाने बोलके आहे. त्याने दोस्तोयेव्हस्कीच्या ‘इडियट’वर १९५१ मध्ये आणि शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’वर १९५७ मध्ये चित्रपट केले, मॅक्बेथची कथा त्याने जपानच्या सरंजामी युगात नेली आणि नो नाट्याच्या संयत हालचालींत बसवली. नामावळीतल्या प्रत्येकाच्या मागे अशी त्याची स्वतःची एक नामावळी उभी आहे. प्रभाव एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहत येतो, हे चित्र त्यामुळे अपुरे ठरते. शोधणाऱ्यांनी शोधणाऱ्यांना ओळखावे, असा हा व्यवहार आहे.

हा व्यवहार घडला तो कोणत्या परिस्थितीत, हेही पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मराठी कवीला परदेशी कविता भेटे ती प्रामुख्याने विद्यापीठीय अभ्यासक्रमातून, आणि अभ्यासक्रमात असे ते इंग्लंड. स्वातंत्र्यानंतर मुंबईत ही वाट बदलली. १९५२ मध्ये भारतातील पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव या शहरात भरला. १९५४ मध्ये कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ हे चक्रमुद्रित अनियतकालिक काढले. १९६२ मध्ये अ‍ॅलन गिन्सबर्ग मुंबईत आले आणि येथल्या तरुण कवींना भेटले. बंगालीतून अनुवाद करणारे अशोक शहाणे याच वर्तुळातले. पुढे त्यांच्याच प्रास प्रकाशनाने कोलटकरांची पुस्तके काढली. स्वस्त कागदी बांधणीची पुस्तके, ध्वनिमुद्रिका, फिल्म सोसायट्या आणि इराण्याच्या हॉटेलातील गप्पा यांनी अभ्यासक्रमाची जागा घेतली. रशियन असो, चिनी असो की स्पॅनिश, कविता हाती येई ती बहुधा इंग्रजीतूनच. परंतु इंग्रजी आता घर राहिले नव्हते, ते घराचे दार झाले होते. दारातून आत शिरणाऱ्याने दारापाशीच थांबावे, अशी सक्ती संपली होती.

अशा शोधाची कसोटी कोणती? दूरचे किती माहीत झाले, ही कसोटी वरवरची आहे. दूरच्या ओळखीने जवळचे नव्याने ऐकू येते की नाही, ही खरी कसोटी होय. रॉबर्ट जॉन्सन आणि जनाबाई यांना एकत्र वाचले, म्हणजे तिचा प्रत्यय येतो. मिसिसिपीतला हा गायक १९३८ मध्ये अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी मरण पावला. १९३६ आणि १९३७ या दोन वर्षांत मिळून त्याची २९ गाणी ध्वनिमुद्रित झाली. ब्लूजमध्ये पहिली ओळ म्हटली जाते, ती पुन्हा म्हटली जाते आणि तिसरी ओळ तिला उत्तर देते. अभंग उभा राहतो तोही ध्रुवपदाच्या आवर्तनावर. टाळकरी ते उचलून धरतात, तेव्हाच पुढचे चरण पाऊल टाकतात. जॉन्सनच्या गाण्यात सैतान सकाळी दार ठोठावणाऱ्या ओळखीच्या माणसासारखा येतो. जनाबाईचा विठ्ठल जात्यापाशी बसून दळू लागतो. अलौकिकाशी घरगुती भाषेत बोलण्याचे धैर्य दोघांत आहे. अर्थात हे साम्य म्हणजे एकरूपता नव्हे. ब्लूजच्या पाठीशी गुलामगिरीचा आणि तिच्या नंतरच्या वेठीचा इतिहास आहे. जनाबाईच्या पाठीशी दासीपण आहे, पण सोबत वारीचा समुदायही आहे. हा भेद विसरून केलेली तुलना उथळ ठरेल.

कोलटकरांनी ही तुलना कोठे लिहून ठेवली नाही. ती त्यांच्या कृतीत आहे. तुकाराम, जनाबाई, नामदेव आणि मुक्ताबाई यांच्या रचना त्यांनी इंग्रजीत आणल्या, त्या अमेरिकेच्या रस्त्यावरच्या बोलीत. भक्तीच्या गोडव्याची सवय जडलेल्या कानाला ती बोली खटकते. तथापि तुकोबांच्या मूळ वाणीतला भांडखोरपणा, रोकडेपणा आणि थट्टा ही पाठांतराने गुळगुळीत झालेली अंगे या अनुवादांत पुन्हा टोकदार होतात. मुंबईच्या हिंदीत लिहिलेल्या आपल्याच कवितेला त्यांनी दिलेले अमेरिकन वळणाचे इंग्रजी रूपही याच जातीचे. दुसरीकडे ते अर्जुन शेजवळ यांच्याकडे पखवाज शिकत होते आणि स्वतःची इंग्रजी गाणी रचत होते. ब्लूजने त्यांना भजनापासून दूर नेले नाही. भजनातल्या ठेक्याकडे नेणारी ती एक वाट ठरली.

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घ्यावा लागतो. भालचंद्र नेमाडे यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या देशीयतेच्या विचाराने उसन्या आंतरराष्ट्रीयतेवर नेमके बोट ठेवले होते. आपल्या मातीत न रुजलेली आधुनिकता हा केवळ वेश ठरतो, ही त्यांची भूमिका अनेक अनुकरणशील कवितांना तंतोतंत लागू पडते. कोलटकरांच्या नामावळीत नेमाडेही आहेत, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे. देशी आणि परदेशी या दोन राशी एकमेकींविरुद्ध मांडण्याची गरज या कवीला भासली नाही. आणि मराठी परंपरेतही ती सदैव भासली होती, असे दिसत नाही. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’मध्ये ज्ञानदेव-नामदेवांसोबत कबीर, जयदेव, रोहिदास आणि नरसी मेहता आहेत, नाभाजींच्या ‘भक्तमाला’चे ऋण महिपती मोकळेपणाने सांगतात. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. म्हणजे मराठी कवी दुसऱ्यांच्या नामावळीतही सन्मानाने बसला आहे. या दृष्टीने पाहता कोलटकरांची नामावळी परंपरेशी फारकत घेत नाही. संतनामावळीचा जुना प्रघात तिने समुद्रापलीकडे नेला, इतकेच.

या प्रघाताचे सर्वांत प्रगल्भ फळ म्हणजे ‘भिजकी वही’ (२००३). मरणोत्तर साहित्य अकादेमी पुरस्कार मिळालेल्या या संग्रहात निरनिराळ्या संस्कृतींतील स्त्रियांची दुःखे एकत्र आली आहेत. इजिप्तची आयसिस, ट्रॉयची कसांड्रा, अलेक्झांड्रियाची हायपेशिया, तमिळ महाकाव्यातील कण्णगी, सूफी राबिया, पिकासोच्या ‘गेर्निका’ची घडण १९३७ मध्ये टप्प्याटप्प्याने छायाचित्रांत टिपणारी डोरा मार या साऱ्या येथे भेटतात. नामावळीत आवडत्यांची नावे होती; येथे नावांच्या जागी माणसे आली. मुख्य म्हणजे कवी आता मांडेलश्टामकडून त्याच्या पत्नीकडे, नादेझ्दाकडे वळला आहे. स्टालिनवरील कवितेपायी १९३४ मध्ये मांडेलश्टामला अटक झाली. डिसेंबर १९३८ मध्ये व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत त्याचा अंत झाला. कागद बाळगणे धोक्याचे होते, म्हणून नादेझ्दाने त्याच्या कविता वर्षानुवर्षे मुखोद्गत ठेवून जगवल्या.

मराठी वाचकाला ही हकीकत परकी वाटण्याचे कारण नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही आख्यायिका त्याच्या मनात खोल रुजलेली आहे. चमत्कार बाजूला ठेवला, तर लोकांनी पाठ केलेली कविता पाण्याला बुडवता येत नाही, हाच तिचा आशय उरतो. नादेझ्दाच्या स्मरणातून इंद्रायणीची कथा पुन्हा वाचता येते, आणि मग संग्रहाच्या शीर्षकाला धार येते. आख्यायिकेतली वही कोरडी निघाली; कोलटकरांची वही भिजलेलीच राहते. विसाव्या शतकाच्या अनुभवानंतर कोरड्या वहीवर विश्वास ठेवणे या कवीला शक्य झाले नाही. दूरच्या शोधाने जवळच्या कथेचा अर्थ असा पालटावा, हीच वर सांगितलेली कसोटी. आणि तिला ही कविता उतरते.

तरीही दोन मर्यादा नोंदवल्या पाहिजेत. ‘भिजकी वही’त काही ठिकाणी माहितीचा भार कवितेच्या गतीला जाणवतो, व्यक्ती आधीच ठाऊक असलेल्या वाचकाला जे मिळते, ते नवख्याला मिळतेच असे नाही. दुसरी मर्यादा एकट्या कोलटकरांची नाही. त्यांच्या नामावळीत कबीर आहेत; पण मराठीखेरीज अन्य भारतीय भाषांतली नावे अगदी मोजकी आहेत. मिसिसिपी जवळ यावी आणि तुंगभद्रेपलीकडचे दूर राहावे, हा आधुनिक भारतीय साहित्यिकाचा सर्वसाधारण अनुभव आहे. मैसूरमध्ये वाढलेल्या, घरात तमिळ बोलणाऱ्या ए. के. रामानुजन यांना संघमकालीन ‘कुरुन्तोकै’ची यू. वी. स्वामीनाथ अय्यर यांनी संपादिलेली प्रत १९६२ मध्ये सापडली, ती शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात! त्यातून १९६७ मध्ये त्यांचे प्रसिद्ध इंग्रजी अनुवाद आले आणि इंग्रजीच्या दारातून ती कविता इतर भारतीय वाचकांपर्यंत पोहोचली. शेजाऱ्याच्या घरी जाण्यासाठी पृथ्वीप्रदक्षिणा करावी लागणे हे भूषण नव्हे. कण्णगीला ‘भिजकी वही’त मिळालेले स्थान या उणिवेची आंशिक भरपाई करते, उरलेले काम भारतीय भाषांतील थेट अनुवादांचे आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यासाठी या नामावळीचा अर्थ येथे स्पष्ट होतो. ती पाठ करण्याची यादी नाही. आज नावे सहज हाती लागतात आणि म्हणूनच शोध पूर्ण झाल्याचा भास लवकर होतो. परंतु जनाबाईंपासून रॉबर्ट जॉन्सनपर्यंतचे अंतर कोलटकरांनी ज्या कानाने ओलांडले, तो कान यादीबरोबर मिळत नाही. तो ज्याचा त्याने घडवावा लागतो. तो घडू लागला, म्हणजे प्रभावाचे कर्ज फेडण्याचा प्रश्न मागे पडतो आणि दूरदेशीच्या आप्तांना ओळख देण्याचे काम सुरू होते. आप्तांचे ऋण फेडायचे नसते. त्यांना घरात जागा द्यायची असते. मराठी कवितेच्या घरात ती जागा पूर्वीही होती. कोलटकरांनी तिचे दार पुन्हा उघडले.