जोडलेल्या नाहीत, तरी सोबत कशा?

मेंदूच्या जोडण्यांवरचे पेपर वाचायला घेतले की एक शब्द सतत भेटतो: ‘फंक्शनल कनेक्टिव्हिटी’. अर्थ साधा आहे. दोन भागांचे सिग्नल एकत्र वरखाली होत असतील, तर ते ‘कनेक्टेड’. १९९५ मध्ये भरत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की माणूस स्कॅनरमध्ये नुसता पडून असला तरी डाव्या-उजव्या मोटर कॉर्टेक्सचे सिग्नल असे जुळतात. पण सोबत असणं म्हणजे थेट जोडलेलं असणं का?

यासाठी एक पेपर मुळातून वाचाच. कॉलिन्स असिसी, मार्क स्टॉप्फर आणि मॅक्सिम बाझेनॉव्ह यांचा, ‘न्यूरॉन’मधला, २०११ चा. यातले असिसी आता आपल्या जवळच, पाषाणच्या आयसरमध्ये आहेत. कीटकाला वास कळतो तो अँटेनल लोबमधून. त्याचं हे कॉम्प्युटर मॉडेल. त्यात एकमेकींना गप्प करणाऱ्या इन्हिबिटरी पेशींचं जाळं आहे. लेखकांनी त्याला ग्राफ कलरिंग लावलं: थेट जोडलेल्या दोन पेशींना एकच रंग द्यायचा नाही. मग दिसलं काय, तर एका रंगाच्या पेशी एकत्र जाग्या होतात; त्या थांबल्या की दुसऱ्या रंगाचा गट उठतो.

चिखलीत स्पाईन रोडवरचा सिग्नल आठवा. एकमेकींना आडव्या न जाणाऱ्या गाड्यांना एकत्र हिरवा मिळतो, आडव्या जाणाऱ्यांना आळीपाळीने.

आता गंमत बघा. एका रंगाच्या पेशींमध्ये थेट जोडणी एकही नाही, नियमच तसा आहे. तरी त्याच सोबत चालतात, आणि थेट जोडलेल्या उलट वागतात. अशा जाळ्यात नुसत्या कोरिलेशनवरून जोडण्यांचा नकाशा काढला, तर तो चक्क उलटा येईल. पेपरची खरी ताकद मला इथे वाटते.

मर्यादाही तिथेच आहे. मॉडेलमध्ये कोण कोणाला जोडलंय हे आधीच माहीत असतं. टोळाच्या अँटेनल लोबमध्ये अशा सुमारे ३०० पेशी असतात. एवढं जाळं अनेक प्रकारे रंगवता येऊ शकतं. त्यातला कुठला प्रकार प्रत्यक्ष चालतो, हे नुसत्या रचनेवरून ठरत नाही. माणसाच्या स्कॅनला तर हे थेट लावताच येत नाही, कारण तिथला एक ठिपका म्हणजे लाखो पेशींची बेरीज.

म्हणून प्रपोजलमध्ये ‘कनेक्टेड’ लिहिण्याआधी एवढं ठरवा: तुम्ही जोडणी मोजणार आहात, की फक्त कोरिलेशन?